दोन टर्नटेबलवर बीट लूप करायचाय? वायरिंग आणि स्टिकर, दोन्ही नीट लावा

बीट लूप म्हणजे तोच ड्रमचा तुकडा न थांबता परत परत वाजवणं. दोन टर्नटेबलवर (रेकॉर्ड प्लेअरवर) त्यासाठी एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी लागतील, त्याशिवाय हे जमत नाही. ७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क हेच करायचा, एका कॉपीवरचा ड्रमचा ब्रेक (गाण्यात मुख्यतः ड्रमच वाजतो तो भाग) संपत आला की दुसऱ्या कॉपीवर तोच ब्रेक परत सुरू.

टर्नटेबलची लाल-पांढरी वायर मिक्सरच्या (दोन्ही टर्नटेबलचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या) फोनो इनपुटला लावा, लाइनला लावली की आवाज एकदम बारीक येतो आणि बेस गायब (टर्नटेबलमधला प्रीअँप, म्हणजे आवाज वाढवणारं सर्किट, चालू असेल तर मात्र लाइनच). ती बारीकशी ग्राउंड वायर मिक्सरच्या स्क्रूला घट्ट आवळा, नाहीतर स्पीकरमधून सतत हम्म्म येत राहतं. रबरी मॅट काढून स्लिपमॅट (रेकॉर्ड हाताने सहज सरकू देणारी गुळगुळीत कापडी चकती) टाका.

आता खरं काम. हेडफोनवर ब्रेकचा पहिला किक (मोठ्या ड्रमचा 'धम्') शोधा, सुई बरोब्बर त्यावर असताना रेकॉर्डच्या मधल्या लेबलवर छोटा स्टिकर सुईकडे तोंड करून चिकटवा, दोन्ही कॉप्यांवर तसंच. मग ब्रेक संपेपर्यंत स्टिकर किती फेऱ्या मारतो ते मोजा, ३३ च्या स्पीडला एक फेरी म्हणजे १.८ सेकंद. डावीकडची वाजत असताना उजवी तेवढ्याच फेऱ्या उलट फिरवायची, स्टिकर सुईसमोर आला की बोटाने हलकं धरून ठेवायचं आणि डावीकडचा ब्रेक संपून येणाऱ्या पुढच्या 'एक'ला (तालाच्या पहिल्या ठोक्याला) सोडून त्याच क्षणी क्रॉसफेडर (एका टर्नटेबलवरून दुसऱ्यावर आवाज नेणारी मिक्सरवरची सरकपट्टी) पलीकडे.

सुरुवातीला लांब ब्रेक निवडा हं, छोट्यात उलट फिरवायला वेळच मिळत नाही.