रील्स सुटत नाहीत? आधी चार्जरची जागा बदला

रात्री साडेदहाला "दोनच मिनिटं बघतो" म्हणून रील्स उघडायच्या आणि मान वर करावी तर साडेबारा वाजलेले, हे माझं रोजचं झालेलं. आधी स्वतःलाच शिव्या घातल्या, मग जरा वाचल्यावर कळलं की अरे हे बनवलंच असं आहे.

पूर्वी वेबसाईटवर खाली आलं की पान संपायचं, 'पुढचं पान' दाबताना वाटायचं बास आता, झोपू. २००६ ला आझा रास्किन नावाच्या डिझायनरने इन्फिनिट स्क्रोल काढलं, म्हणजे खाली सरकवत राहा, पान संपतच नाही, आणि तो थांबाच गेला (नंतर त्याला स्वतःलाच याचा पस्तावा झाला, तसं तो उघड बोललाय). ताट रिकामं व्हायच्या आत कोणी वाढतच राहिलं तर पोट भरलं हे कळणार कधी?

म्हणून निर्धार बिर्धार सोडा, मध्ये एक अडथळा घाला. सगळ्यात जास्त फरक मला चार्जरने पडला. तो उशाजवळून उचलून किचनमध्ये मिक्सरशेजारी लावला, आता रात्री फोन हवा तर उठून, लाईट लावून, ओट्याशी उभं राहून बघावं लागतं, आणि तिथे उभ्याने किती रील्स बघणार. "अलार्मचं काय" म्हणाल तर साधं गजराचं घड्याळ आणा.

मग यूट्यूबची वॉच हिस्ट्री बंद करून जुनी पुसून टाका. होम पेज जवळजवळ रिकामं होतं, जे बघायचंय ते सर्च करूनच बघावं लागतं आणि निम्म्या वेळा सर्च काय करायचं तेच आठवत नाही! ऑटोप्लेचं बटण प्लेअरवरच असतं, तेही बंद. ॲपवरचे लाल आकडे नोटिफिकेशन सेटिंगमधून काढा, मेनूची नावं फोनगणिक थोडी बदलतात पण सापडतं.

ग्रेस्केल, म्हणजे स्क्रीन काळी-पांढरी करायची, ॲक्सेसिबिलिटीत मिळेल. भारी उपाय आहे पण जपून, बायकोने दुकानातून साडीचा फोटो पाठवून रंग कसा वाटतो विचारलं आणि मी म्हटलं राखाडी. तेव्हापासून फक्त रात्री नऊनंतर.

हेच उलटंही चालतं बरं का, जे करायचंय त्याच्या वाटेतली पायरी काढायची. चालायचे बूट कपाटातून काढून दाराशी ठेवले, पाण्याची बाटली भरून लॅपटॉपशेजारी. आणि फरसाणचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही. माझं खाणं कमी झालं, पोरीला मात्र स्टूल कुठे असतं ते पाठ झालंय.