मे महिन्यात बंद पडणारा बोर्ड: इलेक्ट्रॉनिक्सला जाऊ पाहणाऱ्या सोलापूरकरांसाठी

निकाल लागले की ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. "इलेक्ट्रॉनिक्सला स्कोप आहे का हो? का कॉम्प्युटरच घ्यावं?" मी उलट विचारतो, पोराला बंद पडलेली वस्तू उघडून बघायची खोड आहे का? असेल तर खुशाल घ्या. नसेल तर चार वर्षं दोघांनाही त्रास.

प्रवेशाचं फार अवघड नाही. बारावीला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), मग एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आणि कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या. सोलापुरात 1983 पासूनचं वालचंद इन्स्टिट्यूट आहे, इतरही कॉलेजं आहेत. दुसरी वाट दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मला स्वतःला डिप्लोमावाली पोरं जास्त भावतात, कारण मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचं यंत्र) धरताना त्यांचा हात थरथरत नाही. पण गणितात ती मागे पडतात, आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्सचा पेपर ते लगेच दाखवून देतो. डिप्लोमाहून येणार असाल तर सुट्टीतच त्या पेपरला लागणारं फुरिए आणि लाप्लासचं गणित उरकून घ्या.

आता खऱ्या कामाचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचे कारखाने आहेत. मागावरचे कंट्रोल बोर्ड, म्हणजे माग चालवणारी इलेक्ट्रॉनिक सर्किटं, दुरुस्त करणाऱ्या एखाद्या माणसाकडे उन्हाळ्याची सुट्टी काढा. पैसे मिळणार नाहीत. मेस्त्री मराठी-तेलुगू मिसळून "काय बे इंजिनिअर" म्हणत टर उडवतील, तीही ऐकून घ्या.

तिथे एक तक्रार हमखास येते: डिसेंबरभर नीट चाललेला बोर्ड मे महिन्यात दुपारी बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप चालू होतो. बऱ्याचदा त्यावर 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करायला 7805 ही रेग्युलेटर चिप बसवलेली असते, हीटसिंकशिवाय, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीशिवाय. बोर्ड 200 मिलिअँपिअर खात असेल तर 7 व्होल्टचा फरक गुणिले 0.2, म्हणजे 1.4 वॅटची नुसती उष्णता. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीने दिलेल्या चिपच्या माहितीपत्रकात, त्या पॅकेजचा थर्मल रेझिस्टन्स (एका वॅटला चिप किती अंश तापते ते) दर वॅटला सुमारे 65 अंश दिलेला असतो. म्हणजे आतली चिप भोवतालच्या हवेपेक्षा 91 अंशांनी जास्त तापते. थंडीत बाहेर 25 असेल तर आत 116, अजून चालतं. मे महिन्यात शेडमध्ये 45 असेल तर 136, आणि मर्यादा 125 ची. त्यात बंद डबा आणि वर सुताच्या तुसाचा थर! तापमान आणखी चढलं की चिप स्वतःला वाचवायला बंद होते, गार झाली की पुन्हा सुरू. अनाडी माणूस इथे मायक्रोकंट्रोलरच, म्हणजे बोर्डाचा मेंदूच, बदलतो. जाणकार हीटसिंक लावतो किंवा 7805 काढून बक कन्व्हर्टर बसवतो, जो फारसा न तापता व्होल्टेज उतरवतो.

हा हिशेब सातवीतला पोरगाही करेल. तो करायचं सुचणं, त्यासाठी डेटाशीटचं नेमकं पान उघडणं, याचा पगार मिळतो. कॉलेजात डेटाशीट फारसं कुणी वाचायला लावत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

घरी काय करावं? सी भाषा पक्की करा. आर्डुइनो या शिकाऊंसाठीच्या तयार बोर्डावर सुरुवात ठीक आहे, पण तिसऱ्या वर्षापर्यंत एसटीएम32 सारख्या कंट्रोलरवर रजिस्टर पातळीवर, म्हणजे तयार लायब्ररीशिवाय थेट चिपच्या आतल्या सेटिंग बदलून, काम करून बघा. कीकॅड हे सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात दोन लेयरचा बोर्ड काढा, बनवून घ्या, हाताने सोल्डर करा. पहिल्या झटक्यात चालणार नाही, मग ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेऊन बसा. मुलाखतीत असा एक बोर्ड टेबलावर ठेवलात की प्रश्न त्याच्याभोवतीच फिरतात, आणि ती उत्तरं तुमच्याइतकी कुणाला येत नाहीत. विकत आणलेला फायनल इयरचा प्रोजेक्ट मात्र तिसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

नोकरीसाठी बहुतेकांना हुतात्मा एक्सप्रेस धरून पुणंच गाठावं लागतं, ते लपवण्यात अर्थ नाही. डिझाइनचं काम तिकडे, सोलापुरात मेंटेनन्स, पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) आणि ऑटोमेशन जास्त. पहिली नोकरी टेस्टिंगची मिळाली तर नाक मुरडू नका. दुसऱ्याचे बोर्ड कुठे कुठे मरतात हे तिथे कळतं. फक्त दोन वर्षांत डिझाइनकडे सरकायची खटपट सुरू ठेवा, नाहीतर टेस्ट रिपोर्ट भरण्यातच पस्तिशी गाठाल.