टाकाऊ वस्तूंपासून बागेतले भिरभिरे: या चुका टाळा

बागेत लावलेले भिरभिरे फिरेनासे झाले किंवा मोडले, की बहुतेक जण आधी पात्यांकडे पाहतात. पाती लहान पडली असतील, त्यांचा कोन चुकला असेल किंवा वाराच पुरेसा नसेल, असे तर्क सुरू होतात. दुरुस्तीसाठी माझ्यापुढे येणाऱ्या भिरभिऱ्यांमध्ये मात्र दोष जवळजवळ नेहमी आसापाशी, तोलात किंवा खांबाच्या सांध्यात सापडतो. आकार आणि रंगकाम यांवर भरपूर वेळ घालवायचा आणि ज्यावर सगळा भार येतो ती आस हाताला लागेल त्या खिळ्याने बसवायची, हा क्रम उलटा व्हायला हवा. जुने साहित्य वापरताना तर तो उलटा व्हायलाच हवा, कारण टाकाऊ वस्तूंमधले दोन तुकडे कितीही सारखे दिसले तरी त्यांची जाडी आणि वजन सारखे असेलच असे नसते.

तोल न पाहता भिरभिरे उभे करणे

ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे आणि तिचे खापर नेहमी दुसऱ्याच कशावर तरी फुटते. परिचयातील एका तरुणाने सायकलच्या पुढच्या चाकाच्या आऱ्यांवर डब्यांच्या पत्र्याची पाती बसवून मोठे, देखणे भिरभिरे केले होते. पातळ पत्रा संपला म्हणून शेवटचे पाते त्याने जाड पत्र्यातून कापले. आकार तोच असल्यामुळे त्यात काही बिघडेल असे त्याला वाटले नाही. मंद वाऱ्यात चाक छान फिरे, परंतु वारा वाढला की खांब थरथरू लागे. पहिल्या जोरदार वाऱ्यात तळाचे बोल्ट सैल झाले, तेव्हा त्याने ते आवळले. नंतर हब, म्हणजे आस ज्यात बसते तो चाकाचा मधला भाग, खडखडू लागला, म्हणून त्यातले छर्रे बदलले. मग खांबच कमकुवत असल्याचे ठरले आणि जाड पाइप रोवला गेला. प्रत्येक इलाज पुढचा जोराचा वारा येईपर्यंतच टिकला.

मी ते चाक उतरवून आस आडवी राहील अशा रीतीने पकडीत धरले आणि हलकेच ढकलले. चाक थोडे मागे-पुढे झुलले आणि जाड पाते खाली येऊन थांबले. पुन्हा ढकलले, तरी तेच पाते खाली आले. फरक सुमारे ५० ग्रॅमचा होता. आसापासून ३० सेंटिमीटर अंतरावरचे ५० ग्रॅमचे जादा वजन मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या वेगात आसाला साधारण दीड किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते, आणि ही ओढ सेकंदाला पाच वेळा सगळ्या दिशांना फिरून येते. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते, म्हणजे सहा किलोंच्या घरात जाते. अशा हिसक्यांपुढे कोणताही बोल्ट फार दिवस घट्ट राहत नाही. जाड पात्यासमोरच्या बाजूला रिमवर काही वॉशर रिबिट मारून बसवल्यावर खांबाची थरथर थांबली.

माझी सवय अशी आहे की, चाक आडव्या आसावर मोकळे फिरू द्यावे, थांबेल तिथे सर्वांत खालच्या बिंदूवर खडूने खूण करावी आणि हे अनेकदा करून पाहावे. खुणा एकाच ठिकाणी गोळा होत असतील तर ती बाजू जड आहे, म्हणून तिच्या बरोबर समोर थोडे थोडे वजन वाढवावे. चाक दरवेळी वेगळ्या जागी थांबू लागले की तोल साधला. रंग दिल्यानंतर हीच तपासणी पुन्हा करावी, कारण रंगालाही वजन असते आणि तो कुठेही सारख्या थराने बसत नाही. वाऱ्यात फिरता फिरता तोल आपोआप जमेल, असे मला अनेकदा ऐकवले जाते. तो जमत नाही. ही तपासणी टाळून वाचवलेला वेळ नंतर दुरुस्तीत गेल्यावाचून राहत नाही, आणि म्हणूनच या कामातली घाई मला मुळीच पटत नाही.

शेपटी आहे, तरी भिरभिरे वाऱ्याकडे वळत नाही

मोठी शेपटी लावली की काम झाले, ही समजूत अर्धवट आहे. खांबावरच्या ज्या बिंदूभोवती संपूर्ण भिरभिरे वळते, त्याच्या मागच्या बाजूला वाऱ्याला अडणारे क्षेत्रफळ पुढच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असले पाहिजे. त्याच वेळी दोन्ही बाजूंचे वजन मात्र त्या बिंदूवर तोललेले असले पाहिजे. नवशिके या दोन गोष्टींची गल्लत करतात. जाड पत्र्याची जड शेपटी लावली की भिरभिरे मागे झुकते, खांबाचा सांधा एका बाजूने घासू लागतो आणि हलक्या वाऱ्यात ते जागचे हलत नाही. शेपटी पातळ, रुंद आणि लांब दांड्यावर असावी.

वळण्याची जागा ठरवण्यासाठी मी भिरभिऱ्याची बाजूने दिसणारी आकृती पुठ्ठ्यातून कापून घेतो आणि ती सुईच्या टोकावर तोलून पाहतो. जिथे पुठ्ठा तोलला जातो, तो क्षेत्रफळाचा मध्य होय. वळण्याचा बिंदू त्याच्या पुढे, म्हणजे पात्यांच्या बाजूला घ्यावा. पुठ्ठ्यावर फिरत्या चाकाचा परिणाम दिसत नाही आणि चाक नेमके पुढच्या बाजूला असते, म्हणून हे अंतर हात राखून ठेवू नये. मग वजन जुळवण्यासाठी गरज पडेल त्या बाजूला नट-बोल्ट वाढवावेत.

सांध्यासाठी खांबावर उभी सळई आणि भिरभिऱ्याच्या अंगाला वरून बंद असलेली नळी, अशी रचना मला सर्वांत भरवशाची वाटते. नळीच्या बंद टोकाशी ग्रीस लावून बेअरिंगचा एक छर्रा ठेवला की सगळा भार त्यावर येतो आणि अगदी हलक्या झुळुकीतही भिरभिरे वळते. उघड्या तोंडाची नळी खांबावर बसवून तिच्यात सळई सोडली, तर पावसाचे पाणी आत साचते आणि सांधा गंजून जाम होतो.

आस, बेअरिंग आणि नट

लाकडात भोक पाडून त्यात खिळा फिरवणे हा मार्ग पहिल्या पावसापर्यंतच चालतो, कारण ओले लाकूड फुगते आणि खिळ्याला आवळते. भोकात पितळेच्या नळीचा तुकडा बुश म्हणून बसवावा आणि दोन्ही बाजूंना वॉशर द्यावेत. रोलर स्केटचे बेअरिंग मध्यम आकाराच्या भिरभिऱ्याला उत्तम चालते. त्याचे भोक ८ मिलिमीटरचे आणि बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर असतो. बाहेर उघड्यावर रबरी सील असलेले घ्यावे, कारण पत्र्याची झाकणे पाणी अडवत नाहीत. मात्र फार छोट्या चाकाला त्या सीलचे घर्षणही जड जाते, तिथे साधा बुशच बरा.

फिरता फिरता नट सैल होणे ही नशिबाची गोष्ट नाही. फिरण्याची दिशा आणि आट्यांची दिशा यांच्या संबंधामुळे साधा नट हळूहळू उलगडत जातो. याच कारणासाठी सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात. नायलॉनची कडी असलेला नट वापरावा किंवा दोन नट एकमेकांवर आवळावेत, आणि चाक त्यांच्यात दाबले जात नाही हे पाहावे.

साहित्याविषयी थोडक्यात

शीतपेयाच्या डब्याचा पत्रा बाजूला जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणून त्याची कड मुडपल्याशिवाय किंवा मधोमध घडी घातल्याशिवाय पाते ताठ राहत नाही. मुडपलेली कड हातही कापत नाही. प्लास्टिकच्या बाटल्या उन्हाने ठिसूळ होतात, त्या ठरावीक काळाने बदलायच्याच. जुन्या सीडी फुटल्या की धारदार तुकडे उडतात, मुले खेळतात तिथे त्या नकोतच. ॲल्युमिनियम आणि स्टील ओलाव्यात एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम झिजते, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. फवाऱ्याचे दाबाचे डबे कापू नयेत, पीव्हीसी पाइप जाळून वाकवू नये आणि जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू नये, कारण त्या धुराने आजारपण येते. मालवाहू लाकडी पॅलेटवर एचटी शिक्का असेल तर ते लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेले असते; एमबी शिक्क्याचे लाकूड विषारी वायूची प्रक्रिया झालेले असते, ते घेऊ नये.

सर्व पाती एकाच दिशेने कललेली आहेत ना, हेही एकदा नीट पाहावे.

जागा आणि देखभाल

भिंतीच्या किंवा दाट झाडाच्या आडोशाला वारा सरळ वाहत नाही, तो घुसळला जातो, आणि भिरभिरे सतत दिशा बदलत हिसके खाते. खड्डा खणण्याआधी त्या जागी काठीला कापडाची लांब पट्टी बांधून वाऱ्याच्या दिवशी तिच्याकडे बघत राहावे. पट्टी सरळ फडफडण्याऐवजी वर-खाली वळवळत असेल तर जागा बदलावी.

अमेरिकेतील व्हॉलिस सिम्पसन यांनी भंगारातून अनेक माणसांच्या उंचीची प्रचंड भिरभिरी उभारली. ते मूळचे यंत्रदुरुस्ती आणि जड ओझी हलवण्याच्या कामातले होते, आणि त्यांच्या कामातली पक्की बांधणी त्याच अनुभवातून आली, असे मला वाटते. तरीही वृद्धापकाळात देखभाल थांबल्यावर ती भिरभिरी गंजू लागली आणि विल्सन शहरातील २०१७ साली खुल्या झालेल्या उद्यानात नेताना त्यांची मोठी दुरुस्ती करावी लागली. तेव्हा ग्रीस घालण्यासाठी हात पोहोचेल अशीच उंची आणि बांधणी ठेवावी, पण फिरती पाती डोळ्यांच्या पातळीवर येऊ देऊ नयेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पात्यांवरचा दाब चौपट होतो, म्हणून भिरभिरे खांबावरून सहज उतरवता येईल अशी पिन आधीच ठेवावी, आणि उतरवणे शक्य नसेल तर वादळापूर्वी चाक दोरीने खांबाला बांधून टाकावे.