वर्गात सुई-दोरा देताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलेय

चौथीच्या वर्गात पहिल्यांदा लोकर नेली तेव्हा वाटलेलं, हाताला काम मिळालं की पोरं गप ऐकतील. कसलं काय. धडा सुरू आणि अर्धा वर्ग "बाई गुंता झाला", "बाई ह्यानं माझी सुई घेतली".

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नवीन काम नि नवीन धडा एकाच तासाला. आपल्याकडं आज्ज्या वाकळ शिवत बसतात तेव्हा अख्ख्या गल्लीच्या बातम्या ऐकतात, एक शब्द सुटत नाही, कारण धावदोरा हाताला पाठ झालेला असतो. पोरांचा तसा नसतो, त्यांचं सगळं डोकं सुईच्या टोकावर, कानाला काय उरणार? म्हणून आता पहिले दोन आठवडे फक्त कार्यानुभवाच्या तासाला, मॅटीच्या (भरतकामाच्या, विणीची भोकं दिसणाऱ्या) कापडावर, बोथट सुईनं नुसता धावदोरा. माझ्याकडं बघत बघत पाच टाके घालता आले की मगच इतर तासाला सुई.

2009 सालचा मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांचा प्रयोग बरेच जण सांगतात, 40 जणांना कंटाळवाणा फोन मेसेज ऐकवला, त्यातल्या निम्म्यांना ऐकता ऐकता आकार भरायला दिले आणि त्यांना 29 टक्के जास्त आठवलं. खरंय, पण काम काय होतं बघा की, पेन्सिलीनं चौकोन आणि गोल रंगवायचे, बास! शिवाय ती मोठी माणसं होती. त्यावरनं कुणी क्रोशाचं फूल करायला लावत असेल तर अवघड आहे.

मी बेंदराच्या आधी मातीचे बैल करायला दिले होते कविता ऐकताना. शिंगं मोडली, भांडणं लागली, कविता राहिली बाजूला. काहीतरी 'बनवायचं' म्हटलं की लक्ष त्या वस्तूतच जातं, आणि प्रदर्शनात मांडायचं म्हटलं की मग संपलंच, घरनं आयांनी शिवून दिलेले रुमाल यायला लागतात.

गणित नि शुद्धलेखनाला हे चालत नाही, तिथं हात आणि डोळे दोन्ही वहीत लागतात. गोष्ट, कविता, इतिहास, म्हणजे जिथं ऐकायचंय तिथंच.

बारीकसारीक: दोरा हातभरच कापून द्या, निम्मा गुंता तिथंच कमी होतो. सुया मोजून द्या, मोजून घ्या. डावखुऱ्या पोराला शेजारी नाही, समोर बसवून शिकवा, आरशात बघितल्यासारखं त्याला पटकन जमतं. आणि ज्याचं ऐकण्यातलं लक्ष उडतं त्याची सुई शिक्षा म्हणून काढून घेऊ नका (मी घेतली, रडारड झाली), त्याला सुतळीला गाठी मारायला द्या.

ऐकतायत का नाही हे मध्येच विचारूनच कळतं. परवा प्रतापगडाचा धडा चालू होता, खिडकीजवळच्या पोराला अचानक विचारलं, खानाची छावणी कुठं होती रे? मान वर न करता म्हणाला, "गडाच्या पायथ्याला, पार गावात की बाई." टाके मात्र सगळे तिरके गेलेले.