गायरान राखायला निघालात? या चुका टाळा

मृगाची चाहूल लागली की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, हजार रोपं मिळालीत, गायरानात लावायचीत, येता का?" रोपं कुणी दिली, किती दिली, फोटोला कोण येणार, हे सगळं पाठ असतं. गायरान किती एकराचं, हद्द कुठवर, गावात बकऱ्या किती, असं विचारलं की पलीकडं शांतता. मग हळूच, "ते बघू नं नंतर."

ते 'नंतर' कधी येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. धुळे-नंदुरबारकडच्या साक्री, शिंदखेडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यात गावाची सामायिक जमीन राखायच्या नादात माझी बरीच वर्षं गेली. पुढच्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलोय. बाकीच्या दरसाल नव्या गावात, नव्या उत्साहानं होताना बघतो.

कागद न बघता फावडं उचलणं

गावाला 'आपलं' वाटणारं रान कागदावर तीन-चार प्रकारचं असतं. काही गायरान, काही वनखात्याचं, काही नुसतं सरकारी पडीक, आणि मधे कुणाची तरी मालकीची पट्टी घुसलेली. गायरानाचा सातबारा काढा. तलाठ्याकडं गाव नमुना १-ई मागा, त्यात अतिक्रमणं नोंदलेली असतात. मोजणी करून घ्या आणि हद्दीच्या खुणा चुन्याच्या न ठेवता दगडाच्या करा. चुना एका पावसात जातो, आणि त्याच्यासोबत शेजाऱ्याची स्मरणशक्तीही जाते.

सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात दिला. त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारनं त्यावर शासन निर्णय काढला. या दोन्हींच्या प्रती माझ्या पिशवीत कायम असतात. भांडायला नव्हे, दाखवायला. समोरचा दोन एकर वहितीखाली घेऊन बसलेला असतो आणि तो बहुधा सरपंचाचा चुलतभाऊ असतो. अशा वेळी तोंडी बोलण्यापेक्षा कागद बरा.

सातपुड्याच्या नाहीतर पश्चिमेच्या डोंगरी गावांत वेगळी गफलत होते. सामूहिक वनहक्काचा दावा ग्रामसभेचा असतो, ग्रामपंचायतीचा नाही. पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, गावात पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंसाधनाचा दावा नमुना 'क' मध्ये जातो. त्या सभेला निम्मे सभासद लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. चाळीस पुरुषांच्या सह्या घेऊन तालुक्याला गेलेली फाईल परत आली की म्हणतात, सरकार अडवतं. बाया सभेला का नव्हत्या? तर सभा सकाळी अकराला ठेवलेली, आणि त्या शेतात निंदणीला गेलेल्या. सभा रात्री जेवणं आटोपल्यावर घ्या.

बकऱ्या मोजायच्या आधी चराईबंदी

ही माझी सगळ्यात लाडकी चूक. लाडकी म्हणजे सगळ्यात महागात पडलेली.

शिंदखेड्याकडचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथं अजून चहाला जातो. पोरं हिवरेबाजार हे आदर्श गाव बघून आली होती. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे शब्द घेऊन आली, त्यामागची वर्षं तिथंच सोडून. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत मी उभा राहून भाषण ठोकलं, टाळ्या पडल्या, ठराव झाला: अख्खं गायरान उद्यापासून बंद. निधी मिळाला, त्यातून काटेरी तार आली, सिमेंटचे खांब आले. गावात बकऱ्या किती, हे सभेतच विचारून घेतलं होतं. सांगितल्या दीडशे.

आषाढ गेला, श्रावण लागला, गवत गुडघ्याला लागलं. मी खूश. कानबाईच्या सणाच्या आसपास कळलं की गावच्या बकऱ्या रोज शेजारच्या गावच्या शिवारात जातायत. तिथं एकाच्या कापसात शिरल्या, दोन बकऱ्या कोंडल्या गेल्या, मग मारामारी, मग पोलिस पाटील. दसऱ्याला तार पहिल्यांदा कापली गेली. दिवाळीपर्यंत अर्धी तार गायब. खांब कुठं गेले ते पुढच्या उन्हाळ्यात दिसलं: एका खळ्याच्या कुंपणाला ओळीनं उभे. त्या घरच्या म्हातारीनं मला ताक दिलं आणि मी ते त्याच खांबाला टेकून प्यायलो. बोलणार काय?

त्या संध्याकाळी गावाच्या तोंडाशी बसून बकऱ्या मोजल्या. दिवे लागायच्या वेळेला कळप परत येतात, वाट अरुंद असते, मोजायला सोपं जातं. दहा झाल्या की खिशात एक खडा. उठलो तेव्हा खिशात चाळीसच्या वर खडे होते. दीडशे कुठं, चारशे कुठं! सभेत कुणी खोटं बोललं नव्हतं. ज्यांच्या बकऱ्या होत्या त्या बाया सभेत नव्हत्याच. बोलले ते शेतीवाले, आणि त्यांना आपल्या गोठ्यातली ढोरं माहीत. भूमिहीन घरातली बकरी म्हणजे त्या घरचं बँकेतलं खातं. आजारपण निघालं की एक विकायची. तिला 'चरायचं नाही' असा ठराव करणारे आपण कोण?

आणखी एक राहिलंच. ठेलारी धनगर मेंढ्या घेऊन ठरलेल्या वाटांनी फिरतात, काठेवाडी लोक गायी घेऊन येतात. त्यांचा तळ तुमच्या गायरानात पिढ्यान्‌पिढ्या पडत असेल, तर तुमची तार त्यांच्या वाटेत उभी आहे. मेंढपाळाला गवताचं जेवढं कळतं तेवढं मला अजून कळत नाही. कुसळीच कुसळी दिसली की तो सांगतो, हे रान थकलंय. पवन्या, मारवेल ही चांगली गवतं पुन्हा डोकं काढायला लागली की सांगतो, सावरतंय. त्यालाच आपण बाहेर काढतो.

आता मी असं करतो. खडे खिशात घालून तीन संध्याकाळी मोजतो, त्याशिवाय सभेत तोंड उघडत नाही. मग बकऱ्यावाल्या बायांसोबत बसतो, सरपंचाच्या ओट्यावर नव्हे, त्यांच्या गल्लीत. रानाचे तीन तुकडे करायचे. एक पूर्ण बंद. एकात ढोर सोडायचं नाही, पण विळ्यानं गवत कापून न्यायला मोकळीक, तीही बी झडल्यावर. तिसरा चराईला उघडा. वर्षाआड फिरवायचं. कोणता तुकडा आधी बंद करायचा, हे बायांनी ठरवायचं. त्या नेहमी मी मनात धरलेला सोडून दुसराच निवडतात, आणि तोच बरोबर निघतो, कारण पाणी प्यायला ढोरं कुठून जातात हे त्यांना ठाऊक असतं.

तारेवर मी आता रुपया खर्च करत नाही. त्यापेक्षा राखणदार ठेवा. खानदेशात ही रीत नवी नाही. पांझरा नदीकाठच्या फडपद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या सिंचनात, पाणी वाटायला पाटकरी आणि पिकं राखायला जागल्या होता, आणि त्याचा मोबदला फडातल्या शेतकऱ्यांकडूनच यायचा. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं, तसं राखणदाराचंही आखाजी ते आखाजी ठरवा. पगार गावानं द्यायचा, बाहेरच्या संस्थेनं नाही. संस्थेच्या पगारावरचा राखणदार संस्थेचा प्रकल्प संपला त्या दिवशी घरी जातो.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघायला लोक बसा करून जातात. तिथलं जंगल राखणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून तर जास्तच. जरूर जा. तिथली वनभाजी स्पर्धा बघा, जेवा. पण परत येताना शेकडो हेक्टर जंगलाचे फोटो आणण्यापेक्षा एवढं विचारून या, की सुरुवातीच्या वर्षांत आपसात भांडणं किती झाली आणि मिटवली कशी. तिथलं काम नव्वदच्या दशकापासूनचं आहे. तुमच्या हातात असतं एक पावसाळा आणि एक व्हॉट्सॅप ग्रुप.

गवताच्या रानात झाडांची गर्दी

मोकळं रान दिसलं की लोकांचे हात शिवशिवतात. खड्डे काढा, गिरिपुष्प लावा, सुबाभूळ लावा. गायरान हे गवताचं रान आहे, ते 'रिकामं' नाही. पूर्वी त्याला कुरण म्हणायचे आणि राखायचे. धुळ्याजवळचं लळिंगचं कुरण नावातच ते सांगतं. चांगल्या गवताच्या मुळ्या जी माती धरतात, ती तुमचं दोन फुटांचं रोप धरणार नाही. रानपिंगळा नावाचं घुबड शंभरावर वर्षं कुणाला दिसलं नव्हतं, संपला असंच धरून चालले होते. तो १९९७ मध्ये पुन्हा सापडला तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ रानात. तिथं कुणी 'हरित अभियान' घेऊन गेलं नव्हतं, हे त्याचं नशीब.

झाडं लावायचीच असतील तर कडेनं, ओघळीच्या काठानं, आणि आपली लावा: अंजन, पळस, खैर, बोर, धावडा. अंजन रोपवाटिकेतून आणू नका. त्याचं सोटमूळ आधी खोल जातं, पिशवीत ते गुंडाळतं आणि झाड जन्मभर लंगडं राहतं. शेंगा गोळा करा, पहिल्या चांगल्या पावसानंतर बी मुरमातच टोचा. दोन वर्षं वर काही दिसणार नाही. ज्याला एवढा धीर नाही त्यानं कुंडीत सदाफुली लावावी.

डोळ्यांनी काढलेले समतल चर

समतल चर म्हणजे पाणी अडवायला उतारावर खणलेला, एकाच पातळीवरचा चर. नावातच आहे. तरी दर उन्हाळ्यात जेसीबी तासावर येतो, कुणीतरी टेकडीवर उभं राहून हात आडवा धरतो आणि म्हणतो, "असं सरळ घे रे." उतारावर डोळा फसतो. सगळी टेकडीच कललेली असली की कललेलंच सपाट वाटतं.

एका टेकडीवर असंच झालं. मी दोन दिवस बाहेर होतो, परत येईपर्यंत नऊ चर खणून मोकळे. दिसायला देखणे, खालून फोटो काढावा असे. तिसऱ्या की चौथ्या पावसाला रात्री धो धो कोसळला. पाणी सगळ्यात वरच्या चराच्या खालच्या टोकाला साचलं, तिथं बांध फुटला, ते लोंढ्यानं दुसऱ्यावर आलं, तो फुटला, मग तिसरा. सकाळी टेकडीच्या पोटात कमरेएवढी ओघळ आणि खालच्या शेतात कापसावर मुरमाचा थर. शेताचा मालक, सत्तरीचा बाबा, ओरडला नाही. ओघळीकडं बघत एवढंच म्हणाला, "पानी काय तुम्हना डोयाले इचारीसन जास का?" अकरा दिवस आम्ही त्याच्या शेतातला मुरूम पाट्यांनी उपसला. ज्यानं हात आडवा धरला होता तो दोन दिवस आला.

पातळी आखायची ए-फ्रेम बनवायला पैसे लागत नाहीत. सात-सात फुटांच्या दोन सारख्या काठ्या वर बांधा, मधे एक आडवी ठोका, वरच्या गाठीतून दोरी सोडून दगड लटकवा. दोन्ही पाय जिथं टेकलेत तिथं खुंट्या ठोका आणि दोरी आडव्या काठीवर कुठं येते तिथं खूण करा. मग पायांची अदलाबदल करा, म्हणजे डावा पाय उजव्या खुंटीवर, उजवा डाव्या खुंटीवर, आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधे तिसरी खूण. दोरी तिथं आली की दोन्ही पाय एका पातळीत. हे अदलाबदलीचं लोक गाळतात, 'काठ्या सारख्याच आहेत ना' म्हणून. गाळू नका. वाऱ्यात दोरी हलते, म्हणून मी सकाळी नऊच्या आत आखणी उरकतो. हायड्रोमार्कर, म्हणजे पाण्याच्या नळीनं पातळी दाखवणारं साधन, असेल तर आणखी बरं, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो जेसीबीवाल्यापेक्षा वाईट फसवतो.

काम माथ्यापासून खाली. खणलेली माती चराच्या खालच्या अंगाला. सलग खणण्यापेक्षा मधे मधे हातभर जागा न खोदता सोडा, म्हणजे एका ठिकाणी चूक झाली तरी सगळं पाणी तिकडं पळत नाही. आणि जिथं गवत आधीच चांगलं आहे तिथं चर खणूच नका. मशीन आणलंय म्हणून तासांचे पैसे वसूल करायचे, हे कारण पुरेसं नाही.

थोडक्यात आणखी काही

वेडी बाभूळ वरून छाटली की दुप्पट फुटते. मुळासकट काढायला जमत नसेल तर हात लावू नका.

वणव्याची जाळरेषा, म्हणजे आग पुढं जाऊ नये म्हणून आधीच मोकळा केलेला पट्टा, दिवाळीनंतर लगेच काढा. फाल्गुनात धूर दिसल्यावर नाही. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आग तिथूनच निघते. त्यावर सभा घेत बसू नका. मी मोह फुलायच्या आधी घरोघर खराटे वाटतो. पाला झाडून काढला की पेटवायचं कारण उरत नाही.

दंड ठरवाल तर पहिला दंड कमिटीतल्या माणसाला बसू द्या. तशी वेळ येतेच, वाट बघा.

आमच्या त्या तार गेलेल्या गावात आता तिसरा तुकडा फिरून बंद झालाय. यंदा आखाजीला राखणदारानं एक पोतं ज्वारी वाढवून मागितली. बायांनी तासभर घासाघीस केली आणि दिली.