कोकणात हौशी रेडिओचा मनोरा उभारताना: पाया, रोटेटर आणि वर्षभराची देखभाल

कोकणात घराशेजारी हौशी रेडिओसाठी, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून दूरदूरच्या लोकांशी रेडिओवर बोलण्यासाठी, अँटेनाचा मनोरा उभारायचा असेल, तर कामाची आखणी पावसाच्या वेळापत्रकाप्रमाणे करावी लागते. खोदकाम आणि काँक्रीट दसऱ्यानंतर जमीन वाफशावर आली की हाती घ्यावे, लोखंडकाम थंडीत उरकावे, फेब्रुवारी-मार्चमध्ये अँटेना आणि रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) वर चढवावेत आणि वळवाच्या पावसातल्या विजा सुरू होण्याआधी अर्थिंगसह सगळे काम संपवावे. या लेखात ज्या मनोऱ्याचा विचार केला आहे तो 12 मीटर उंचीचा, तीन पायांचा, तणाव्यांशिवाय उभा राहणारा जाळीचा मनोरा असून त्यावर 20, 15 आणि 10 मीटर बँडसाठी (तरंगलांबीवरून ओळखल्या जाणाऱ्या लहरींच्या पट्ट्यांसाठी) तीन एलिमेंटची, म्हणजे तीन आडव्या नळ्यांची, यागी ही एका दिशेला जास्त शक्ती पाठवणारी अँटेना बसवायची आहे. 20 मीटर बँडवर अर्धी तरंगलांबी 10 मीटर भरते आणि अँटेना त्याहून खाली राहिली तर बरीचशी शक्ती दूर क्षितिजाकडे न जाता वर आकाशात जाते, म्हणून 12 मीटर ही उंची मला खर्च आणि उपयोग यांचा चांगला मेळ वाटते.

परवानग्यांचे काम आधी संपवावे. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा हौशी परवाना आणि त्यावरचा पत्ता हे तर गृहीतच आहे. त्याशिवाय रत्नागिरी, चिपी, मोपा किंवा दाभोळी यांपैकी एखादी धावपट्टी जवळ असेल, तर ती कोणाच्या अखत्यारीत आहे हे पाहून उंचीची परवानगी लेखी घ्यावी. घर सोसायटीत असेल तर ठराव लेखी असावा, कारण तोंडी संमती पदाधिकारी बदलले की टिकत नाही. जागा निवडताना वीजवाहिन्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. मनोरा कोणत्याही दिशेला कोसळला तरी महावितरणच्या तारांपर्यंत पोहोचणार नाही इतके अंतर हवे आणि मी स्वतः हे अंतर उंचीच्या दीडपट, म्हणजे येथे 18 मीटर धरतो. उभारताना हातातून निसटलेला पाइप किंवा वाऱ्याने फिरलेले एलिमेंटसुद्धा तारेला लागता कामा नये.

पायाचा हिशेब वाऱ्यापासून सुरू होतो. आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मूळ वाऱ्याचा वेग मुंबईसाठी सेकंदाला 44 मीटर आणि पुण्यासाठी 39 मीटर दिला आहे. वाऱ्याचा दाब काढण्यासाठी वेगाचा वर्ग करून त्याला 0.6 ने गुणावे, म्हणजे न्यूटन प्रति चौरस मीटर हा आकडा मिळतो. 44 मीटरला हा दाब सुमारे 1160 न्यूटन, म्हणजेच प्रत्येक चौरस मीटरला जवळपास 118 किलो होतो. यागीचे वाऱ्याला सामोरे येणारे क्षेत्रफळ 0.6 चौरस मीटर धरले तर तिच्यावर सुमारे 71 किलोचा रेटा येतो. तो 12 मीटर उंचीवर काम करत असल्याने पायाशी त्याचा उलथवणारा परिणाम (रेटा गुणिले उंची) सुमारे 850 किलोग्रॅम-मीटर एवढा होतो आणि मनोऱ्याच्या स्वतःच्या जाळीवर येणारा रेटा त्यात मिळवला की हा आकडा दुपटीच्या पुढे जातो. या भाराला तोंड देणारा दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दीड मीटर खोल काँक्रीटचा ठोकळा सुमारे 8 टनांचा होतो. वजन एवढे हवे हे ऐकून बहुतेक गवंड्यांना आश्चर्य वाटते आणि ते खड्डा उथळ ठेवू पाहतात, तेव्हा हा हिशेब त्यांना शांतपणे समजावून सांगावा. आकाराचे आणि उंचीचे गुणांक मी वर धरलेले नाहीत, त्यामुळे अंतिम आकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्यावेत आणि त्याची फी ही बचत करण्याची जागा समजू नये.

कोकणातला जांभा खोदायला कठीण असला तरी ठोकळ्याला चारी बाजूंनी घट्ट धरतो. घाटावर मात्र काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जावे. काँक्रीट एम-20 प्रतीचे असावे. पायाचे बोल्ट ओतकामात हलू नयेत म्हणून मनोऱ्याच्या तळपट्टीप्रमाणेच छिद्रे पाडलेली लोखंडी पट्टी त्यांच्यावर आधीच नटांनी आवळून ठेवावी आणि पाण्याच्या नळीने पातळी पाहावी. पुढे वर ओळंबा कितीही काळजीने धरला, तरी इथली चूक तिथे सुधारत नाही. ओतल्यानंतर ठोकळ्यावर गोणपाट टाकून तो सतत ओला ठेवावा आणि पूर्ण ताकद येण्यासाठी 28 दिवस जाऊ द्यावेत.

मनोरा स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घेता येतो, पण कापणे, वेल्डिंग आणि सगळी छिद्रे हॉट डिप गॅल्व्हनायझिंगच्या आधी झाली पाहिजेत. रोटेटरच्या प्लेटची, अर्थिंगच्या पट्टीची आणि केबल बांधण्याची छिद्रे नेमकी याच वेळी विसरली जातात आणि नंतर ड्रिलने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून समुद्राची हवा लोखंडात शिरते. पाइपची दोन्ही टोके बंद असतील तर त्यांना हवेसाठी छिद्र ठेवावे, कारण जस्ताच्या सुमारे 450 अंशांच्या कढईत बंद पाइप फुटू शकतो.

उभारणीच्या दिवशी मनोऱ्यावर एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसे नसावीत आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असावे. वर चढणाऱ्याने पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन दोर वापरावेत. एक दोर सोडण्याआधी दुसरा अडकवलेला असलाच पाहिजे, म्हणजे चढताना किंवा उतरताना तो एक क्षणही मोकळा राहत नाही. कमरेचा साधा पट्टा पडणाऱ्या माणसाला वाचवत नाही, उलट त्याची कंबर मोडू शकतो, ही गोष्ट मला अनेकदा सांगावी लागते आणि यापुढेही मी ती सांगत राहीन. प्रत्येक भाग वर ओढण्यासाठी मनोऱ्यालाच बांधलेला सरळ पाइप आणि त्याच्या टोकाला कप्पी अशी सोय करावी, दोर खालच्या माणसांच्या हाती ठेवावा आणि वर फक्त बोल्ट बसवण्याचे काम उरावे. ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे किंवा ज्यांना उंचीची सवय नाही त्यांनी तळाशी बिजागरी असलेला, आडवा होणारा मनोराच करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रोटेटर. त्याची जागा मनोऱ्याच्या आत, शेंड्यापासून मीटर-सव्वा मीटर खाली असावी आणि शेंड्यावर थ्रस्ट बेअरिंग असावे, म्हणजे अँटेनाचा बाजूचा रेटा बेअरिंग घेते आणि रोटेटरला फक्त फिरवण्याचे काम राहते. मास्ट, म्हणजे अँटेना ज्यावर बसते तो फिरणारा पाइप, बेअरिंगच्या वर एक मीटरपेक्षा जास्त काढू नये. मास्टसाठी दुकानात पाइप मागताना लक्षात ठेवावे, की दीड इंची म्हणून मिळणाऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास 48.3 मिलिमीटर आणि दोन इंचीचा 60.3 मिलिमीटर असतो. रोटेटरचा शिकंजा वेगवेगळे व्यास धरतो खरा, पण बऱ्याच नमुन्यांत व्यास बदलला की मास्टचा मध्य रोटेटरच्या मध्यापासून सरकतो. मग अँटेना एका दिशेला सहज फिरते आणि दुसरीकडे अडते. यासाठी पत्र्याच्या पट्ट्या घालून मध्य जुळवावा, बेअरिंगचे बोल्ट सैल ठेवून रोटेटर एक पूर्ण फेरा फिरवावा आणि मास्ट कुठेही कडेला घासत नाही याची खात्री झाल्यावरच ते आवळावेत.

रोटेटर वर नेण्याआधी तो टेबलावर पूर्ण केबलसह चालवून पाहावा. 40 मीटर केबलमध्ये मोटरच्या तारांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तार वापरावी, कारण बारीक तारेत व्होल्टेज पडते आणि थंड सकाळी मोटर नुसती गुणगुणत राहते. पूर्ण फेऱ्याला किती सेकंद लागतात ते मोजावे. मल्टिमीटरने प्रत्येक दोन तारांमधला रोध मोजून वहीत लिहावा. स्थिती दाखवणाऱ्या पोटेन्शिओमीटरचा रोध प्रचलित रोटेटरांत बहुधा 500 ओहम असतो आणि दोन्ही टोकांना व मध्यावर तो किती येतो हेही नोंदवावे. पुढे काही बिघडले तर खोलीत बसून याच तारा मोजता येतात आणि दोष केबलमध्ये, मोटरमध्ये की पोटेन्शिओमीटरमध्ये आहे हे वर न चढता कळते. फिरण्याचा वेग मंदावला असेल आणि तुमच्या रोटेटरचा कॅपॅसिटर खालच्या कंट्रोल बॉक्समध्ये असेल, तर आधी तो बदलून पाहावा.

दिशा जुळवताना होकायंत्र मनोऱ्याजवळ धरू नये, लोखंडामुळे ते फसवते. ध्रुवतारा हा अधिक भरवशाचा आहे. रत्नागिरीहून तो क्षितिजापासून जेमतेम 17 अंशांवर दिसतो, त्यामुळे उत्तरेकडे माडांची रांग असेल तर गच्चीवर जावे लागते. मध्यान्हीची सावलीही चालते, पण मे ते जुलैमध्ये सूर्य डोक्यावर असल्याने सावली फार आखूड पडते, म्हणून हे काम हिवाळ्यात करावे. रोटेटरचा थांबा, म्हणजे ज्याच्या पलीकडे तो फिरत नाही ती जागा, दक्षिणेला ठेवावा. आपल्या किनाऱ्यावरून लंडन सुमारे 319 अंशांवर, न्यूयॉर्क 333 अंशांवर आणि टोकियो 58 अंशांवर येते, म्हणजे बहुतेक वेळ अँटेना उत्तरेच्या दोन्ही बाजूंना फिरत असते. थांबा उत्तरेला आला तर युरोपकडून जपानकडे वळताना तिला जवळजवळ पाऊण फेरा उलटा घ्यावा लागतो.

कोॲक्स केबल (रेडिओ आणि अँटेना जोडणारी केबल) मास्टवरून मनोऱ्यावर येते तिथे दीड मीटरचा सैल झोल सोडावा आणि दोन्ही टोकांच्या थांब्यांपर्यंत फिरवून तो कुठे अडकत नाही हे पाहावे. जोडांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप आणि तिच्यावर पीव्हीसी टेप गुंडाळावी. ही टेप छपरावर कौले लावतात तशी खालून वर चढत जावी, म्हणजे पाणी प्रत्येक थरावरून खाली ओघळते.

एका वर्षी मी पाणी शिरू नये म्हणून रोटेटरच्या तळाची लहानशी भोकेही सिलिकॉनने बुजवली होती. गणपतीच्या सुमारास दिशा दाखवणारा काटा उड्या मारू लागला आणि दिवाळीत रोटेटर खाली उतरवून उघडला, तेव्हा कपभर कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी बाहेर आले. खालच्या खाचेतल्या पोलादी गोळ्या लाल झाल्या होत्या आणि पोटेन्शिओमीटरच्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. ती भोके पाणी बाहेर जाण्यासाठीच ठेवलेली असतात. दमट हवा कुठून तरी आत जातेच आणि रात्री आत दव धरते, म्हणून रोटेटर नेहमी उभा बसवावा आणि त्याचा तळ मोकळा ठेवावा.

अर्थिंगसाठी मनोऱ्याच्या तिन्ही पायांना तीन-तीन मीटरचे तांब्याचा मुलामा दिलेले रॉड लावून ते पट्टीने एकमेकांना आणि घराच्या अर्थिंगला जोडावेत. रोध 10 ओहमच्या खाली यायला हवा. जांभा एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत होतो आणि पावसाळ्यात मिळालेला आकडा तेव्हा कितीतरी वाढतो, म्हणून मोजणी एप्रिलअखेर करावी. रोध जास्त आला तर जमिनीत पुरलेली पट्टी माडाच्या आळ्यांकडे किंवा विहिरीकडे, जिथे ओल टिकते तिथे वाढवत न्यावी. तांब्याची तार जस्ताच्या पायावर थेट आवळू नये, मध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर घालावा. कोॲक्स आणि रोटेटरची केबल घरात शिरण्याआधी एकाच तांब्याच्या पट्टीवरच्या अरेस्टरमधून (विजेचा झटका जमिनीत वळवणाऱ्या उपकरणातून) न्यावी. गडगडाट ऐकू येण्याच्या आत दोन्ही केबली काढून बाहेर ठेवाव्यात, आणि गडगडाट सुरू झालाच असेल तर त्यांना हात लावू नये.

देखभालीची मुख्य तपासणी एप्रिलअखेर झालीच पाहिजे. मृगापर्यंत थांबणे धोक्याचे आहे, हे 2021 च्या मेमध्ये किनाऱ्याला समांतर गेलेल्या तौक्ते वादळाने आणि त्याआधी 3 जून 2020 रोजी अलिबागजवळ आलेल्या निसर्गने दाखवून दिले. तपासणीच्या दिवशी ट्रान्समीटर आणि कंट्रोल बॉक्स या दोहोंचे प्लग काढून खोलीची किल्ली चढणाऱ्याने खिशात ठेवावी. प्रत्येक बोल्टवर पहिल्या दिवशी रंगाची आडवी रेघ ओढलेली असेल, तर सैल झालेला नट रेघ तुटल्यामुळे लगेच दिसतो. जस्त खरवडले गेले असेल तिथे तारेच्या ब्रशने साफ करून जस्तयुक्त रंग लावावा. समुद्रापासून जवळ असाल तर यू-बोल्ट 316 प्रतीच्या स्टेनलेसचे घ्यावेत. एलिमेंटची उघडी टोके बंद करावीत, कारण त्यांत गांधीलमाश्या घर करतात आणि 12 मीटरवर एका हाताने पाइप धरलेला असताना त्यांची गाठ पडणे जीवावर बेतू शकते.

वादळाचा इशारा आला की अँटेना ठरलेल्या दिशेला नेऊन ठेवावी. या यागीच्या तीन एलिमेंटचे एकूण क्षेत्रफळ बूमपेक्षा (एलिमेंट ज्यावर बसतात त्या आडव्या दांड्यापेक्षा) जास्त असते, म्हणून वारा नैर्ऋत्येकडून येणार असेल तर बूम वायव्य-आग्नेय रेषेत ठेवावा, म्हणजे एलिमेंटची फक्त टोके वाऱ्यासमोर येतात. वारा थांबेपर्यंत रोटेटर अजिबात फिरवू नये, कारण वाऱ्याने ढकललेली अँटेना ब्रेक सुटला की त्याच्या दात्यांवर आपटते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी शांत हवेत अँटेना पूर्ण फेरा फिरवावी, लागलेले सेकंद आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचे माप) वहीत टिपावा आणि दसऱ्यानंतर पहिल्या कोरड्या दिवशी तारांचे रोध पुन्हा मोजून बसवताना लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावेत.