विंडोज सुरू होत नाही? फॉरमॅट न मारता बूटलोडर असा दुरुस्त करा

काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा निळ्या पडद्यावर '०एक्ससी००००००एफ' दिसलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "सगळं गेलं." दुकानात नेलं की काउंटरमागचा पोरगा पडद्याकडे नीट न बघताच म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." बहुतेक वेळा दोघांचंही चुकतं. विंडोज जागेवर असते, चतुर्थीचे फोटोही जागेवर असतात. बिघडलेला असतो तो विंडोजला हाक मारणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, किंवा त्याची यादी. हे सगळं शंभर-दोनशे एमबीच्या एका वेगळ्या कप्प्यात राहतं, ज्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात.

आमच्या गोव्यात, फोंडा-डिचोलीच्या बाजूला, हे दुखणं जूनमध्ये जास्त निघतं. गडगडाट झाला, लाइट गेली, आली, परत गेली; आणि त्याच वेळी विंडोज अपडेट चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: "चालूच जायना रे!" कारण साधं आहे. विंडोजचा मुख्य कप्पा एनटीएफएस (फायली साठवण्याची एक पद्धत) असतो, तो आपल्या लिखाणाची नोंद ठेवतो आणि मध्येच वीज गेली तरी बहुधा सावरतो. ईएफआय पार्टिशन मात्र फॅट३२ या दुसऱ्या, जुन्या पद्धतीचं असतं. तिथे अशी नोंद नसते. अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवटच राहते.

एक सूचना: खालचे आदेश मी फोनवर सांगतो तसे लिहिले आहेत. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचे.

आधी पाच मिनिटांची तपासणी

सगळे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं काढा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जा (चालू करताच बहुतेक ठिकाणी एफ२ किंवा डिलीट) आणि डिस्कचं नाव दिसतं का बघा. नसेल दिसत, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. केबल, स्लॉट किंवा डिस्कच गेली आहे. हार्ड डिस्क टक-टक आवाज करत असेल तर मशीन ताबडतोब बंद करा आणि काहीही 'दुरुस्त' करू नका.

तारीख बघा. ती कितीतरी वर्षं मागे गेलेली असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. ती संपली की बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जातो, यूईएफआयच्या (चालू होण्याच्या नव्या पद्धतीच्या) जागी लेगसी (जुनी पद्धत) होतो किंवा डिस्क जोडण्याचा मोड 'एएचसीआय'वरून 'आरएआयडी' (रेड) होतो, आणि विंडोज चढत नाही. बॅटरी बदला, मोड पूर्वीचा करा, काम संपलं. असल्या मशीनवर लोकांनी दोन-दोनदा विंडोज टाकलेली मी पाहिली आहे.

बूट ऑर्डरमध्ये (कशावरून आधी चालू व्हायचं त्या यादीत) 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला आहे ना तेही बघून घ्या.

कमांड प्रॉम्प्टपर्यंत पोचणं

दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवा. बूट मेनूमध्ये तो दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे 'यूईएफआय' लिहिलंय तोच निवडा. भाषा विचारणारा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही लागतं. काळी खिडकी उघडते, तिच्यात 'एक्स:\सोर्सेस' असं काहीतरी लिहिलेलं असतं.

'स्टार्टअप रिपेअर' एकदा चालवून बघायला हरकत नाही. दुसऱ्यांदा चालवू नका, तो बहुधा तेच उत्तर देतो.

डेटाची धाकधूक असेल तर दुरुस्तीआधीच फायली काढून घ्या. या काळ्या खिडकीत 'नोटपॅड' टाइप करा. नोटपॅड उघडला की फाइल मेनूतून ओपन करा आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता ही खिडकी म्हणजे तुमचा एक्सप्लोररच झाला: फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट. पुढे किती कॉपी झालं ते दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते; थांबा. नाटकाच्या संहिता, देवस्थानच्या जत्रेचा हिशेब, पोरांचे प्रोजेक्ट हे सगळं असं सुखरूप बाहेर येतं.

आता खरं काम

यूट्यूबवर कुठलाही व्हिडिओ उघडा, तोच मंत्र ऐकू येईल: बूटरेक फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रिबिल्डबीसीडी. हे आदेश मुळात जुन्या बायोसच्या पद्धतीसाठी आहेत. तुमची डिस्क जीपीटी (कप्पे मांडण्याची नवी पद्धत) असेल, आणि गेल्या दहाएक वर्षांतल्या मशीनवर ती बहुधा तशीच असते, तर फिक्सएमबीआरचा काही उपयोग नाही, फिक्सबूट 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणतं आणि रिबिल्डबीसीडी 'शून्य विंडोज सापडल्या' असं सांगून लोकांच्या तोंडचं पाणी पळवतं. शून्य म्हणजे विंडोज नाही असं नव्हे. यादीत नसलेली नवी विंडोज सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मीही या टप्प्यावर पुष्कळ काळ अडकत असे. यातून सुटका करणारा आदेश एकच आहे, बीसीडीबूट. पण तो देण्याआधी दोन गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात: विंडोज आत्ता कुठल्या अक्षरावर आहे आणि ईएफआय पार्टिशन कुठलं.

टाइप करा:

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क

उजवीकडच्या 'जीपीटी' रकान्यात तुमच्या डिस्कपुढे चांदणी असेल तर पुढे जा. चांदणी नसेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. तिथे मात्र बूटरेकचा तो मंत्र लागू पडतो, तो वापरा.

लिस्ट वॉल्यूम

आता घाई करू नका. ही यादी कागदावर उतरवून घ्या किंवा मोबाइलने फोटो काढा. पहिला सापळा अक्षरांचा आहे. पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर अक्षरं नव्याने वाटली जातात, त्यामुळे रोजची 'सी' इथे 'डी' किंवा 'ई' झालेली असू शकते. आकारावरून ओळखा आणि नंतर खात्री करा. दुसरा सापळा जास्त वाईट. ईएफआय पार्टिशन फॅट३२ असतं, पण तुमचा इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्हही बहुधा फॅट३२च असतो. घाईत लोक तोच निवडतात. मग बूटच्या फायली पेनड्राइव्हवर जातात, आणि तो लावलेला असेल तरच कॉम्प्युटर चालू होतो, असा विचित्र प्रकार सुरू होतो. फरक स्पष्ट आहे: पेनड्राइव्हपुढे 'रिमूव्हेबल' लिहिलेलं असतं आणि आकार जीबीत, ईएफआय पार्टिशनचा आकार एमबीत, कोऱ्या डिस्कवर घातलेल्या विंडोजमध्ये बहुधा १००, कंपनीकडून आलेल्या लॅपटॉपवर बऱ्याचदा २६०. पाचशे-सातशे एमबीचा आणखी एक लपलेला कप्पा दिसेल, तो एनटीएफएस असतो. तो रिकव्हरीचा, त्याला हात लावू नका.

समजा, ईएफआयचा क्रमांक ३ आहे:

सिलेक्ट वॉल्यूम ३
असाइन लेटर=झेड
एक्झिट

इंटरनेटवर सगळे 'एस' अक्षर देतात. मी मुद्दाम झेड देतो, कारण पुढच्या आदेशात '/एस' हा खटका आहे आणि फोनवर "एस, मग जागा, मग एस" म्हटलं की समोरचे काका हमखास एक एस गाळतात.

आता विंडोज कुठे आहे ते पक्कं करा:

डीआयआर सी:\
डीआयआर डी:\

ज्यात 'विंडोज', 'यूझर्स' आणि 'प्रोग्राम फाइल्स' दिसतील तो तुमचा ड्राइव्ह. ड्राइव्ह बिटलॉकरने (डेटाला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीने) बंद आहे असं उत्तर आलं तर थांबा. अनेक नव्या लॅपटॉपवर मालकाला न कळत एन्क्रिप्शन चालू असतं. ४८ अंकी रिकव्हरी की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात सापडते. मुलाने स्वतःच्या खात्याने लॉगिन केलं असेल तर त्याच्या खात्यात शोधा, मग तो पुण्याला असो की दुबईला. की मिळाली की:

मॅनेज-बीडीई -अनलॉक डी: -आरपी, पुढे जागा सोडून सगळे आकडे, मधल्या रेघांसकट.

की हातात नसताना कुणी "सोपं आहे, फॉरमॅट मारू" म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. तिथे फॉरमॅट म्हणजे डेटा कायमचा गेला.

सगळं जुळलं असेल तर तो एक आदेश. विंडोज डीवर असेल तर:

बीसीडीबूट डी:\विंडोज /एस झेड: /एफ यूईएफआय

बीसीडीबूट सलग, नंतर जागा. '/एस' आणि '/एफ' या दोन्हींच्या आधी आणि नंतर जागा. 'डी:\विंडोज'मधली रेघ उलटी, बाकीच्या दोन सरळ. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं की पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट.

त्याऐवजी 'फेल्युअर व्हेन अटेम्प्टिंग टू कॉपी बूट फाइल्स' आलं तर आधी अक्षरं आणि रेघा तपासा. निम्म्याहून जास्त वेळा चूक तिथेच निघते. सगळं बरोबर असूनही अडलं, तर 'सीएचकेडीएसके झेड: /एफ' चालवा, कारण त्या फॅट३२ कप्प्याचीच घडी विस्कटलेली असू शकते. त्यानेही भागलं नाही तरच तो कप्पा फॉरमॅट करायचा:

फॉरमॅट झेड: /एफएस:फॅट३२ /क्यू

आणि पुन्हा बीसीडीबूट. इथे झेड आणि फक्त झेड. एंटर दाबण्याआधी अक्षर मोठ्याने वाचा. आणि मशीनवर लिनक्ससुद्धा (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) असेल तर हा फॉरमॅट करू नका. लिनक्सचा बूटलोडरही बहुधा त्याच कप्प्यात राहतो, एक दुरुस्त करता करता दुसरा उडेल.

यादीत ईएफआय पार्टिशनच नसेल तर

हा प्रकार गेल्या काही वर्षांत वाढलाय. जुन्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी बसवून घेतात, जुनी हार्ड डिस्क आतच राहते. विंडोज टाकताना जुनी डिस्क काढली नाही, तर इन्स्टॉलर तिच्यावरचंच ईएफआय पार्टिशन वापरतो. विंडोज नव्या डिस्कवर, बूटलोडर जुन्या डिस्कवर. वर्ष-दोन वर्षं सगळं गोडीगुलाबीत चालतं, मग जुनी डिस्क मरते आणि ठणठणीत एसएसडीही मुकी होते. एसएसडी जीपीटी असेल तर तिच्यावरच नवा कप्पा काढा. डिस्कपार्टमध्ये विंडोजचा वॉल्यूम निवडून:

श्रिंक डिझायर्ड=३००
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=३००
फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२
असाइन लेटर=झेड

नंतर 'एक्झिट' आणि तोच बीसीडीबूट. एसएसडी बसवून घेणार असाल तर तंत्रज्ञाला आधीच सांगा: विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढ.

शेजारी लिनक्स असेल तर

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, तेव्हापासून विंडोज ११ न चालणाऱ्या मशीनवर लोक शेजारी उबुंटू किंवा मिंट ही लिनक्स टाकू लागलेत. विंडोज अपडेटनंतर ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, मेनू दिसेनासा होऊन थेट विंडोज उघडत असेल तर काहीही बिघडलेलं नाही. बायोसमध्ये बूट ऑर्डर बदला, एवढंच.

'ग्रब रेस्क्यू' असा ठिपका लुकलुकत असेल तर पार्टिशन हललंय किंवा पुसलंय. 'एलएस' टाइप करा. कंसातली नावं दिसतील, उदाहरणार्थ (एचडी०,जीपीटी५). एकेक करून 'एलएस (एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब' असं बघत जा. जिथे फायलींची यादी येईल ते तुमचं. मग:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी५)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

मेनू येईल. पण हे तात्पुरतं आहे. लिनक्समध्ये शिरल्यावर टर्मिनलवर 'सुडो ग्रब-इन्स्टॉल' आणि 'सुडो अपडेट-ग्रब' केलं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा तिथेच याल.

ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांना 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' असा संदेश आला होता. अजूनही जुन्या लिनक्स पेनड्राइव्हवर तो दिसतो. तेवढ्यापुरता बायोसमधला सिक्युअर बूट (बूटलोडर खात्रीचा आहे का ते तपासणारी सोय) बंद करा, पण आधी बिटलॉकरची की हाताशी ठेवा, कारण तो बंद करताच विंडोज ती मागू शकते. लिनक्सची ताजी आवृत्ती चढवून झाली की सिक्युअर बूट परत चालू करा.

चालू झाल्यावर

दोन्ही सिस्टिम असतील तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. बिटलॉकरची की कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे, कपाटात ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस लावा. महागडा नको, दहा मिनिटांत नीट शटडाउन करता आलं म्हणजे पुरे. आणि पाऊस चालू असताना 'अपडेट अँड रीस्टार्ट' दाबू नका, लाइट स्थिर आहे बघून मगच दाबा.